खारकेच्या डॉक्टर मॅडम, हे तुमच्यासाठी

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात खारीक, आमची आखूड पायांची, लांबट अंगाची डॅशहंड, म्हणजेच डॅश जातीची कुत्री, दोन वर्षांची झाली, म्हणून पेढे घेऊन दवाखान्यात आले होते. तुम्ही एक पेढा उचललात आणि बाकीचे बाहेर बाकावर बसलेल्यांना द्यायला सांगितलेत. वर म्हणालात, "आभार राहू द्या. तुम्हाला जे सांगितलं, ते डॅश पाळणाऱ्या आणखी चार जणांना सांगा." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. आभार मात्र मानणारच आहे, तेवढं तुमचं ऐकणार नाही.

तुम्हाला तो जूनमधला शनिवार आठवतो का? बाहेर धो धो पाऊस होता. माझ्या ओढणीत गुंडाळलेली पाच महिन्यांची खारीक पुढचा उजवा पाय पोटाशी धरून कण्हत होती. दिवाणावरून तिने उडी मारली होती. दिवाण जेमतेम दीड फूट उंच, पण खाली गुळगुळीत टाइल्स. पाय सटकला आणि ती जी केकाटली, तो आवाज मी अजून विसरले नाही.

तुम्ही दोन्ही पायांचे एक्स-रे काढायला लावलेत. दुखतोय एकच पाय, मग दोन्ही कशाला, असं मनात आलं, पण विचारायची हिंमत झाली नाही. फिल्म दिव्यावर लावल्याबरोबर मी बोट ठेवलं. मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडांना आरपार काळी रेघ होती. "मोडलं ना हो?" माझा आवाज रडवेला झाला होता. तुम्ही काही न बोलता शेजारी डाव्या पायाची फिल्म लावलीत. त्यातही तश्शीच रेघ, त्याच जागी.

मग पेनच्या टोकाने दाखवत तुम्ही समजावलंत. ही रेघ म्हणजे मोडलेलं हाड नाही, हाड वाढण्याची जागा आहे. तिथे अजून मऊ कूर्चा आहे आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून काळं दिसतं. पिल्लाच्या हाडातली सगळ्यात कच्ची जागा हीच. पुढच्या पायात दोन हाडं जोडीने वाढतात. त्यातल्या एकाची ही जागा उडीच्या दणक्याने चेपली, तर ते हाड वाढायचं थांबतं, दुसरं वाढतच राहतं आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. "हिचा पाय नुसता मुरगळलाय," तुम्ही म्हणालात, "पण तीन आठवड्यांनी परत दाखवायचा. चेपलं असेल तर ते आज दिसणार नाही."

बाहेर रांग असूनही तुम्ही मला खुर्चीत बसायला सांगितलंत. एवढ्यासाठीच मी जन्मभर तुमची ऋणी राहीन, कारण मला खरं जे विचारायचं होतं ते त्यानंतर तोंडातून निघालं. उड्या कधीपासून मारू द्यायच्या? जिने कधीपासून? आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या आहेत. ज्याने पिल्लू दिलं तो म्हणाला होता, सहा महिने झाले की बिनधास्त सोडा. सोसायटीतले एक काका म्हणाले, वर्षभर नको. आणखी कुणी म्हणालं, डॅशला आयुष्यभर जिना दाखवायचा नाही.

तुम्ही आधी उत्तर दिलंच नाहीत. टेबलावरची पट्टी घेऊन खारकेच्या खांद्यापर्यंतची उंची मोजलीत. तेव्हा ती साडेसहा इंच भरली. मग मला विचारलंत, तुमच्या जिन्याची पायरी केवढी? असेल सहा-साडेसहा इंच, मी म्हटलं. "म्हणजे तुमच्या खांद्याएवढ्या उंच ५४ पायऱ्या. चढाल?"

त्यानंतर जे सांगितलंत, ते घरी येऊन मी वहीत उतरवून काढलं. वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

तुम्ही म्हणालात, यात दोन प्रश्न आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात. पहिला हाडांचा. लहान चणीच्या कुत्र्यांच्या त्या काळ्या रेघा साधारण ८ ते १२ महिन्यांत भरून येतात. तोवर उंचावरून उडी नको आणि अख्खा जिना नको. उतरणं तर चढण्याहून वाईट. कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं, उतरताना ते आणखी पुढे येतं. पण पिल्लाला पायरी माहीतच नसेल, तर एक दिवस ते घाबरून धडपडेल. म्हणून फाटकापाशी तीन पायऱ्या आहेत, तिथे पट्टा धरून, सावकाश, दिवसातून एकदा शिकवायचं. आधी चढणं, उतरणं बरंच नंतर. गवतावर, मातीत मात्र मनसोक्त पळू द्या, दमली की ती आपण होऊन बसेल.

दुसरा प्रश्न पाठीचा. त्याला तारीख नाही, असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. डॅशचे पाय ज्या जनुकामुळे आखूड होतात, त्याच्या जास्तीच्या दोन प्रती या जातीत सापडल्या आहेत. पहिली २००९ मध्ये अमेरिकेत सापडली. दुसरी २०१७ मध्ये, आणि ही दुसरी मणक्यांमधल्या गाद्यांनाही लवकर म्हातारं करते. एरवी मऊ, रसरशीत असणारी गादी डॅशमध्ये वर्षाच्या आतच राठ व्हायला लागते, पुढे तिच्यात कॅल्शियम साठतं. चार-पाच डॅशमधल्या एकाला कधी ना कधी गादीचा त्रास होतो, आणि तो बहुतेक तीन ते सात या वयात.

इथे मी तुम्हाला थांबवलं होतं. का, ते त्या दिवशी नीट सांगता आलं नाही.

आमच्याकडे आधी राजा होता. तोही डॅश, काळा, भुवयांवर तपकिरी ठिपके. २००३ साली तो पाच वर्षांचा होता. आई कामावरून आली आणि रोजच्यासारखी दारातून "राजाऽऽ" म्हणाली. त्याने पलंगावरून उडी मारली आणि मागचे पाय गेले ते गेलेच. तेव्हा ऑपरेशन वगैरे आम्हाला ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलंही नाही. पंधरा दिवसांत तो गेला. "पलंगावर चढू दिलात, दुसरं काय होणार," एवढं एक वाक्य त्या वेळी कुणीतरी आईला ऐकवलं. ते तिने वीस वर्षं उरात धरून ठेवलं. खारीक घरात आल्यापासून ती दिवाणाशेजारीच पहारा देत बसायची. तो जूनमधला शनिवार झाला, तेव्हा ती फक्त भाजी घ्यायला खाली गेली होती. परत आल्यावर ती एक अक्षर बोलली नाही.

हे अर्धंमुर्धं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यांना पुढच्या वेळी घेऊन या." तीन आठवड्यांनी आई आली. खारकेचा पाय छान होता, दोन्ही रेघा सारख्याच. मग तुम्ही खुर्ची आईजवळ ओढलीत आणि तिला 'आई' म्हणून हाक मारून सांगितलंत की राजाची गादी त्या संध्याकाळी बिघडली नव्हती. ती त्याच्या पहिल्या वर्षापासून बदलत होती. उडी हे शेवटचं निमित्त. ती नसती, तर अंग झाडताना झालं असतं, वळताना झालं असतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली २,००० हून अधिक डॅशची माहिती गोळा केली, त्यात सोफ्यावर उड्या मारू दिलेल्या कुत्र्यांत पाठीचा त्रास जास्त नाही, उलट कमी निघाला. रोज तासाभराहून अधिक फिरणाऱ्यांतही कमी. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात माफक जिने चढणाऱ्या डॅशच्या गाद्यांत कॅल्शियम कमी आढळलं. लगेच पुढे म्हणालात, याचा अर्थ उड्यांनी पाठ बरी होते असा नाही. ज्यांची पाठ दुखते त्यांना लोक उड्या मारूच देत नाहीत, त्यामुळेही आकडा तसा दिसेल. पण नुसत्या उडीने धडधाकट गादी फुटते, हे कुणी सिद्ध केलेलं नाही.

आईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे मी हाक मारली म्हणून नाही?"

"नाही हो आई," तुम्ही म्हणालात.

मॅडम, ते तीन शब्द तुमच्या बिलात नव्हते.

बाकीचं आता आमच्या घरात अंगवळणी पडलंय. दिवाणाला सुतारकाकांनी चार फुटांची उतरण करून दिली, वर काथ्याची पट्टी ठोकली. पहिले दोन दिवस खारीक तिच्याकडे ढुंकून बघेना, मग आईने वर चिकूची फोड ठेवली आणि प्रश्न मिटला. सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जुन्या सतरंज्या आणि योगा मॅट आहेत. पाहुण्यांना घर कसं दिसतं याची चिंता आम्ही सोडली. नखं दर तीन आठवड्यांनी कापतो, कारण वाढलेल्या नखांनी टाइल्सवर पकड राहत नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीवरचा हार्नेस. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे, पाठ आडवी सरळ. बगलेत हात घालून लहान मुलासारखं उचलायचं नाही, हे आईने शेजारच्या मुलांनाही शिकवलंय.

आणि ती पिशवी! दुपारी आई एकटी असते, गुडघे धरलेले. खारकेला घेऊन ५४ पायऱ्या कशा उतरणार, हे मी तुमच्यापुढे रडगाणं म्हणून मांडलं होतं. भाजीच्या जाड कापडी पिशवीत तळाला प्लायचा तुकडा घाला, वर चादरीची घडी, एवढंच तुम्ही म्हणालात. आईने ती खांद्याला अडकवली, एक हात कठड्याला मोकळा राहिला. बाजूने फक्त नाक आणि दोन कान बाहेर. आमच्या जिन्यावर सगळे तिला आता "पार्सल" म्हणतात.

अकराव्या महिन्यात तुम्ही शेवटचा एक्स-रे काढलात. जुनी फिल्म जपून आणली होती, ती शेजारी लावली. रेघ नव्हती. हाड एकसंध, पांढरं. त्या संध्याकाळी खारीक पहिल्यांदा तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चढली, मध्ये दोनदा बसली, वर पोचल्यावर मागे वळून माझ्याकडे बघितलं. अजूनही तेवढंच, एक मजला चढायचा. पुढचे दोन मजले आणि उतरणं पिशवीतून. नसबंदीचं ऑपरेशन लवकर उरकून टाकण्याची मला घाई होती, ते वर्षानंतरच करू या म्हणालात, कारण डॅशमध्ये, त्यातही माद्यांत, वर्षाच्या आत नसबंदी केली तर पाठीचा धोका वाढलेला दिसतो. तेही ऐकलं. वजन साडेआठ किलोच्या वर जाऊ दिलेलं नाही, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत हे तुमचं वाक्य फ्रिजवर चिकटवलंय.

त्याच फ्रिजवर तुमच्या प्रिस्क्रिप्शनचं पाठचं पान आहे. त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलंय: पाठ कमानीसारखी, अंग थरथरणं, उचलताना ओरडणं, दिवाणावर चढायला नकार, मागचा पाय ओढणं किंवा पंजा उलटा पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. 'उद्या बघू' नाही. राजाच्या वेळी हा कागद आमच्याकडे असता, तर निदान धावाधाव तरी केली असती. ज्यांच्या घरी डॅश आहे, किंवा तशीच आखूड पायांची कॉर्गी आहे, त्यांनी हा मजकूर आपल्या फ्रिजवर उतरवून घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती.

आई आता दारातून पुन्हा हाक मारते. "खारकेऽऽ" म्हटलं की ती दिवाणावरून उठते, उतरणीवरून चार पावलं तुरुतुरु खाली येते आणि मग सतरंजीवरून धावत सुटते.

पुढच्या रविवारी लसीसाठी येतोय. आईसुद्धा येते म्हणाली आहे, तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं घेऊन.

तुमची,
खारकेची ताई
डोंबिवली