लिव्हरमध्ये गेला म्हणून ‘घरी न्या’ सांगू नका

महोदय,

आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरल्याचं कळलं, त्या दिवशी आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी माझ्या पत्नीची फाइल मिटून माझ्या हातात दिली. ‘घरी न्या, मागतील ते खाऊ घाला.’ मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. गाडी बंद पडली तरी पुढची गाडी कुठून मिळेल, हे सांगितल्याशिवाय प्रवाशाला कधी खाली उतरवलं नाही.

मुलाने स्कॅनची सीडी मुंबईला नेली. गाठी फक्त लिव्हरमध्येच आहेत, केमो लागू पडत नाही, तर आतून रेडिएशन देऊन बघू, असं तिथे सांगितलं. निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. गाठी मात्र धमनीच्या रक्तावर पोसतात. म्हणून जांघेतून बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेतात आणि यट्रियम-९० हे किरण सोडणारं द्रव्य असलेले, केसाहून बारीक काचेचे मणी सोडतात. ते गाठीत अडकतात. त्यांचे किरण सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर ११ मिलिमीटर जातात. मणी सोडण्याआधी वेगळ्या दिवशी नुसती तपासणी असते. कण फुप्फुसाकडे वा जठराकडे निसटत नाहीत ना, हे बघतात.

यट्रियमची ताकद ६४ तासांत निम्मी होते. तुमच्यासाठी मागवलेला डोस तुमची वाट बघत थांबत नाही. म्हणून आम्ही चार दिवस आधीच दादरच्या धर्मशाळेत जाऊन राहिलो.

याने कॅन्सर बरा होईल, असं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच केमोसोबत हे दिल्याने आयुष्य वाढल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही, हेही डॉक्टरांनी समजावलं. दोन आठवडे तिला उठवत नव्हतं, अन्नाचा वास सहन होत नव्हता. तीन महिन्यांनी दोन गाठी आकसल्या, एक तशीच राहिली. त्यानंतर ती १६ महिने होती. त्यातले १३ महिने चूल तिच्याच हातात होती.

परदेशी डोसला लाखो रुपये लागतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे मणी इथेच तयार केले आहेत, ‘भाभास्फिअर’ नावाने. तालुक्याच्या किती डॉक्टरांना हे ठाऊक आहे? आरोग्य विभागाने त्यांच्यापर्यंत हे पोहोचवावं. आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती, ‘लास्ट स्टेज’ एवढंच लिहून फाइल मिटू नका. गाठी किती, लिव्हरबाहेर आहेत का आणि पुढे कुणाला दाखवायचं, हे त्याच कागदावर लिहून द्या.

— एक निवृत्त एसटी कंडक्टर, करमाळा (जि. सोलापूर)