सेन्सर आले, पण ते पुसणार कोण?

मा. संपादक,

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत (धातू ओतायच्या कारखान्यांत) आता भट्टीचं तापमान, साच्याच्या वाळूतला ओलावा, मशिनची थरथर असं बरंच काही सेन्सरमुळे मोबाईलवर दिसतं. चांगलंच आहे. ओलावा वाढला की कास्टिंगमध्ये (ओतलेल्या मालात) ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या पडतात आणि ते बहुधा मशिनिंगला गेल्यावर, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यावर दिसतात.

पण मी काम करतो तिथं गेल्या महिन्यात पडद्यावर ओलावा दिवसभर ३.४ टक्के. पॉइंटभरही हलेना, आणि आम्ही खूश! शेवटी मोल्डिंगच्या मिस्त्रींनी मूठभर वाळू दाबून बघितली. म्हणाले, "ह्येचा चिखल झालाय की ओ!" सेन्सरच्या टोकावर वाळूचा थर घट्ट बसला होता. दोन पाळ्यांचा माल परत भट्टीत.

सेन्सर घ्यायला मालक पैसे काढतात, तो पुसायला आणि वेळच्या वेळी तपासायला माणूस नेमत नाहीत. ही यंत्रणा विकणाऱ्यांनी उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांना देखभालही शिकवावी, आयटीआयच्या पोरांनाही. आणि आकडा तासन्‌तास हललाच नाही, तर त्याचीही घंटा वाजायला हवी.

— एक फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर