काका, हळूच मारतो

पुणे, गुरुवार रात्र

प्रिय मन्या,

पत्रास कारण की, रविवारी सकाळी सात वाजता मी मार खाणार आहे. तोही फी भरून. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला हसला असतास आणि पुढचं राहून गेलं असतं. आठ महिन्यांत तुला साधा मेसेज नाही. शिव्या भेटल्यावर घाल. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा होता तसाच.

तर बॉक्सिंग. २००८ला विजेंदरला कांस्य मिळालं तेव्हा तुमच्या गच्चीवर पोत्यात वाळू भरून आपण जे केलं ते बॉक्सिंग नव्हे. माझं मनगट अजून पावसाळ्यात ठणकतं. हे खरंखुरं. चार महिने दोरीउड्या, आरशासमोर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मग बॅग. सर फौजेतून निवृत्त झालेले, बोलतात मराठीत, ओरडतात हिंदीत. रविवारी पहिलं स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत: दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड, फक्त जॅब, निम्मी ताकद. समोर एस.वाय.चं पोरगं. वजन माझ्याएवढं, बाकी काहीच माझ्यासारखं नाही. परवा जवळ येऊन म्हणतं, "काका, टेन्शन नका घेऊ, हळूच मारतो."

काका!

तयारी जोरात आहे. १६ औंसचे ग्लोव्हज आणले, उशीएवढे. बॅगेला १२चे चालतात, माणसाला मारताना गादी जाड हवी. माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून चावायचं, म्हणजे दातांचा साचा बसतो. ते मी चहाच्या पातेल्यात करत होतो, तर मागे आई. "कवळी कधी केलीस? बोलला नाहीस." त्या गडबडीत पहिलं पाण्यात फार वेळ राहिलं आणि चिंचेसारखं आक्रसलं. दुसरं आणावं लागलं. ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची बँडेजं गॅलरीत वाळत असतात; शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, कोण पडलंय म्हणून.

मेव्हण्यानं हौसेनं सांगितलं की हेडगार्डमुळे भुवई फुटत नाही, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला पुरुष हेडगार्डशिवायच लढले म्हणे. छान धीर दिला!

पण माराची भीती नाही रे. डोळे मिटतात. सर नुसता पॅड नाकासमोर आणतात, लागतही नाही, तरी माझे गच्च बंद. ते म्हणतात सगळ्यांचेच मिटतात, सवयीनं कमी होतं. ग्लोव्हकडे नको, छातीकडे बघ, हनुवटी खाली, श्वास सोड. मी श्वास कोंडतो आणि थेट नववीत जाऊन पोचतो.

सायकलच्या पंपावरून भांडण झालेलं, मैदानामागे. तू मूठ उगारलीस, मी डोळे मिटले. तू मारलंच नाहीस. किती वेळ तसा उभा होतो कुणास ठाऊक. उघडले तर तू सायकल काढून गेलेला. वर्गात कुणाला बोललाही नाहीस. त्याचाच जास्त राग. एक ठेवून दिली असतीस तर तेव्हाच मिटलं असतं. बायकोला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग चांगलंच केलं की त्यानं."

बघ. म्हणून तुला लिहितोय.

रोज पहाटे पर्वती चालू आहे. १०३ पायऱ्या, तीनदा. तिसऱ्या फेरीला सत्तरीचे आजोबा "चला, चला" करत पुढे जातात. संध्याकाळी लेक मोज्यांचा गोळा माझ्या तोंडावर फेकते आणि मोजते. काल विसातल्या अकरा वेळा डोळे उघडे राहिले. ती बारा म्हणते, पण ती वशिल्याची परीक्षक.

तुझं काय? नाशिकची बदली झाली की टळली? वहिनींचा निकाल लागला का? ओवीला सायकल घेतलीस म्हणे.

शनिवारी येतोयस असं तुझी आई मंडईत भेटली तेव्हा म्हणाली. मग रविवारी ये. आपल्या जुन्या क्लासचीच इमारत, तळघरात. रिंगपाशी येऊ नकोस, दारात थांब. आणि हसलास तर दुसऱ्या राउंडला तुलाच आत घेतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. माळा आवरताना पंप सापडला. आमच्याकडेच होता. ओवीच्या सायकलसाठी घेऊन जा, वॉशर तेवढा बदलावा लागेल.