सुया पुन्हा काढ, आई

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "आता माझा कुणाला काय उपयोग?" मी घाईत होते, काहीतरी बोलून विषय बदलला. तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे.

आम्ही पाचजणी रविवारी दुपारी जमून मुलांसाठी टोप्या विणतो, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या खेपेला काय झालं ते मात्र मी सांगितलं नव्हतं. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी आम्ही 40 टोप्या केल्या होत्या. शुद्ध लोकर, जाळीची नाजूक वीण, कडेला बटणं. वॉर्डातल्या सिस्टरांनी 11 ठेवून घेतल्या आणि बाकीच्या परत दिल्या. रागावल्या अजिबात नाहीत. एक टोपी त्यांनी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला हळूच घासली आणि म्हणाल्या, "आता हे दिवसभर डोक्यावर घ्यायचं." किमोथेरपीने केस गेले की डोक्याची त्वचा फार हुळहुळी होते. तिथे लोकर टोचते, आतली शिवण टोचते, एवढीशी गाठसुद्धा टोचते. आणि जाळीच्या भोकांतून नेमकं तेच दिसतं जे त्या मुलीला झाकायचं असतं. शुद्ध लोकर गरम पाण्यात धुतली की आटून घट्ट होते, तेही आमच्या लक्षात आलं नव्हतं. बटण तर लहान मूल ओढून तोंडातच घालणार.

त्या संध्याकाळी आम्ही 29 टोप्या उसवल्या. आई, तेव्हा सारखी तू आठवत होतीस. माझ्या पहिल्या स्वेटरच्या बाहीत आठ ओळी खाली एक टाका सुटला होता. मी म्हटलं होतं, कुणाला दिसणार आहे? तू काही न बोलता सुई काढून घेतलीस आणि उसवायला लावलंस. मग उसवलेल्या लोकरीच्या लड्या केल्यास आणि कुरळेपणा जावा म्हणून भिजवून सावलीत वाळत घातल्यास. वाळल्यावर बाबा दोन्ही हातांवर लडी धरून बसले आणि तू गुंडा केलास. आम्हीही अगदी तसंच केलं. ती लोकर थंडीत शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांच्या टोप्यांना कामी आली. उपचार घेणाऱ्या मुलांसाठी आता मऊ सुती धागा घेतो, वीण घट्ट ठेवतो, आणि विणायच्या आधी सिस्टरांना विचारतो.

सध्या मागणी आहे ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या टोप्यांची. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो, 28 आठवड्यांच्या बाळाचा 25 च्या आसपास. एवढ्याशा जिवाच्या अंगावर चरबी नसते आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं, त्यामुळे बरीचशी ऊब तिथूनच निघून जाते. शरीराचं तापमान 36.5 अंशांच्या खाली गेलं की डॉक्टर काळजीत पडतात. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडत होते, तेव्हा डॉक्टरांनी अशी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभर ही कांगारू पद्धत वापरतात. त्यात बाळाच्या अंगावर जवळजवळ काहीच नसतं, पण डोक्यावर टोपी असते. मी विणलेली इतकीशी वस्तू एवढं काम करते, हे कळल्यापासून माझा प्रत्येक टाका सावकाश पडतो.

बाबा, आता तुमच्याशी. क्रोशाची टोपी माथ्यावरून सुरू होते. 12 खांबांचं (म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांचं) वर्तुळ, मग दर फेरीला 12 खांब वाढवत जायचं. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. वाढवणं कुठे थांबवायचं यावर आमचा दर वेळी वाद व्हायचा. तुम्ही फोनवर एका वाक्यात सांगितलंत, घेराला 3.14 ने भागा. 48 सेंटीमीटर घेराच्या टोपीला साधारण 15 सेंटीमीटर व्यासाची चकती झाली की थांबायचं. तेव्हापासून एकही माथा बिघडलेला नाही. आता प्रत्येक वयाचा तक्ता हवा आहे, तुमच्या अक्षरात. टोपी ताणली जाते, म्हणून ती डोक्याच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर कमीच धरा.

आणि आई, तुझी बोटं दुखतात हे मी विसरलेले नाही. सुयांवर सगळ्या विणकामाचा भार हातात येतो. क्रोशावर एका वेळी एकच टाका असतो, विणलेलं मांडीवर ठेवता येतं. दहा मिनिटं विणायचं आणि ठेवून द्यायचं. तेही जमलं नाही तर धाग्यांची टोकं लपवायचं काम तुझं. आमच्या पाचजणींत एकीलाही ते तुझ्यासारखं येत नाही. टोक कुठे संपलं ते बोटाला लागता कामा नये, आणि धुतल्यावर सुटताही कामा नये. ती नजर तुझ्याकडे आहे आणि आम्हाला ती खरंच हवी आहे.

सोबत जाड मऊ मुठीचा 5 मिलिमीटरचा क्रोशा, सुती धाग्याचे दोन गुंडे आणि बाबांसाठी मापाची टेप पाठवते आहे. लगेच टोपीला हात घालू नकोस. आधी 10 सेंटीमीटरचा नमुन्याचा चौकोन विण. त्यात आडवे किती खांब बसले ते बाबांना मोजू दे, आणि रविवारी आम्ही जमलो की तो आकडा फोनवर सांगा. त्यावरूनच पहिली टोपी धरू.

तुमची,
धाकटी