स्लाइड बंद, घर बंद : भाड्याच्या मोटरहोमबद्दल तक्रार

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. संचालक,
मोटरहोम भाडे विभाग

विषय : २१ ते २७ जून या काळात भाड्याने घेतलेल्या मोटरहोममध्ये स्लाइडआउट (गाडीची आतबाहेर सरकणारी भिंत) बंद असताना बाथरूम, फ्रिज व पलंगापर्यंत पोचता न आल्याबद्दल, तसेच कापलेली अनामत परत मिळण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण गाडी तुम्ही आम्हाला मराठीतच गळ्यात घातलीत. पाडव्याच्या कार्यक्रमात शाळेच्या पार्किंगमध्ये तुमचा स्टॉल होता आणि शेजारी ती पांढरी गाडी उभी होती. "वहिनी, चढून तर बघा, चाकांवरचा फ्लॅट आहे," असं तुम्ही स्वतः म्हणालात. आम्ही चढलो. मधे ऐसपैस जागा, एका बाजूला टेबल आणि फ्रिज, समोर ओटा, मागे बाथरूम आणि मोठा पलंग. साताऱ्याला सासूबाईंना पाठवायला मी व्हिडिओही काढला. पासष्टीच्या पुढची माणसं घेऊन जायचंय, वाटेत बाथरूमची सोय हवी, एवढ्याचसाठी आम्ही गाडी घेतोय, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. "काळजीच करू नका, बाथरूम तुमच्याबरोबरच फिरतंय," हे तुमचं उत्तर माझ्या नवऱ्याच्याही लक्षात आहे.

बाथरूम आमच्याबरोबर फिरलं, हे खरं आहे. आम्हाला त्यात जाता आलं नाही.

त्या दिवशी स्लाइड उघडी होती. तुमच्या वेबसाइटवरच्या अकराच्या अकरा फोटोंत ती उघडीच आहे. गाडी ताब्यात घेताना तुमच्या मुलाने गॅस, पाण्याची टाकी, जनरेटर असं सगळं पाऊण तास समजावून सांगितलं, तेही स्लाइड उघडी ठेवूनच. सामान लावून आम्ही खाली उतरलो, मग त्याने दारात उभं राहून बटण दाबलं, भिंत आत आली, आणि तो "हॅपी जर्नी" म्हणाला. आत काय झालं ते आम्ही पाहिलंच नाही. नंतर मी टेपने मोजलं. ड्रायव्हरच्या बाजूची ती अख्खी भिंत, म्हणजे टेबल, बाक आणि फ्रिज, आत सरकते तेव्हा फ्रिज समोरच्या ओट्याला भिडायला आलेला असतो. मधे उरतात नऊ इंच. नऊ इंचांतून आमची दहा वर्षांची धाकटी आडवी होऊन जाते. बाकी कुणी नाही. बाथरूम, पलंग, कपड्यांचं कपाट, सगळं त्या नऊ इंचांच्या पलीकडे.

रस्त्यावरच्या गाडीची रुंदी साडेआठ फुटांच्या आसपासच ठेवावी लागते, म्हणून ही सरकणारी भिंत आली, एवढं मला कळतं. मुक्कामी पोचल्यावर बाहेर, प्रवासात आत. तक्रार भिंतीबद्दल नाही. ती आत असताना घरातलं काय काय बंद होतं, हे पैसे घेण्याआधी सांगितलं नाही, याबद्दल आहे.

पहिला दिवस सविस्तर सांगते, कारण तुमच्या ईमेलमध्ये "गाडी थांबवून स्लाइड उघडायची, एवढं सोपं आहे" असं वाक्य आहे.

सकाळी सातला निघून पाच नंबरच्या हायवेने दुपारी आम्ही बटनविलोच्या रेस्ट एरियात थांबलो. सासूबाईंनी आदल्या रात्री जागून धपाटे केले होते आणि दही फ्रिजमध्ये होतं. लांब गाड्यांच्या रांगेत जागा मिळाली ती दोन ट्रकच्या मधे. डावीकडचा ट्रक हात लांब केला तर लागेल इतका जवळ. तुमची भिंत अडीच फूट बाहेर येते. ती त्या ट्रकमध्ये घालायची होती का? फ्रिजचं दार चार बोटं उघडत होतं. नवऱ्याने कोपरापर्यंत हात आत घालून चाचपडत जे बाहेर काढलं ते लिंबाचं लोणचं निघालं. धपाटे लोणच्याशी खाल्ले, चांगलेच लागले, त्याची तक्रार नाही.

पण जेवण झाल्यावर सासरे बाथरूमला म्हणून उठले आणि त्या फटीपुढे उभे राहिले. मिनिटभर उभे होते. मग काही न बोलता गाडीतून उतरून काठी टेकत उन्हातून लांबच्या स्वच्छतागृहाकडे गेले. त्यांचं वय ७६ आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दर तास-दीड तासाने जावं लागतं. हे सुनेने पत्रात लिहिणं त्यांना आवडणार नाही. पण तुम्ही "वाटेत स्वच्छतागृहं असतातच" असं लिहिलंत, म्हणून लिहावं लागतंय. वाटेतल्या स्वच्छतागृहांवरच जायचं तर आमची सात सीटची गाडी दारात उभी होती. तिला रात्रीचे २८५ डॉलर पडत नाहीत.

बेकर्सफील्ड सोडून टेहाचापीच्या घाटाजवळ पुन्हा थांबायची वेळ आली. तिथे एका दुकानाच्या आवारात कडेला जागा होती, म्हणून म्हटलं स्लाइड उघडूच. त्याचा विधी तुम्हाला ठाऊकच आहे. सपाट जागा बघायची, हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचं, सगळ्यांना उतरवायचं, आतली अडसराची दांडी काढायची, एकाने बाहेर उभं राहून भिंत कशाला लागत नाही ना ते पाहायचं, मग बटण दाबून धरायचं. आवार उताराचं निघालं, गाडी पुढेमागे घेतली, त्यात दहा मिनिटं गेली. तोवर सासरे म्हणाले, "राहू दे आता." ते का राहू दे म्हणाले, हे मला त्या वेळी कळलं नाही. ते साताऱ्याच्या डेपोत तीस वर्षं कंडक्टर होते.

कळलं दुसऱ्या दिवशी. बार्स्टो सोडलं की नीडल्सपर्यंत जवळजवळ दीडशे मैल मोहावीचं वाळवंट आहे आणि मधे थांबायला मोजक्याच जागा. बाहेर १०९ फॅरनहाइट. लडलोला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या. सासऱ्यांची सकाळी भरलेली बाटली तशीच काठोकाठ भरलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, तहान नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ते मुद्दामच पीत नाहीत. लांबच्या फेरीला ड्यूटीवर असताना असंच करायचे." वाळवंटातून जाताना ७६ वर्षांचा माणूस आपल्यामुळे गाडी थांबवावी लागू नये म्हणून पाणी पीत नव्हता, आणि बाथरूम त्याच्या पाठीमागे आठ फुटांवर होतं. या पत्रातली बाकी कुठलीही ओळ तुम्ही गाळून वाचलीत तरी चालेल.

बार्स्टोची रात्रही सांगायला हवी. तिथे मोठ्या दुकानाच्या आवारात रात्र काढा, पैसे वाचतील, हा सल्ला तुमच्याच माणसाचा. तिथल्या माणसाने गाडी उभी करायला हरकत घेतली नाही, पण स्लाइड बाहेर काढायची नाही, असं बजावलं. ते रास्तच आहे, पार्किंगमध्ये आपण बैठक मांडू नये. पण मग पाच माणसांनी झोपायचं कुठे? पलंग फटीच्या पलीकडे, आणि टेबल मोडून होणारं अंथरूण भिंत आत असताना पूर्ण पसरतच नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर दोघं मावतात, तीही शिडी चढू शकणारी. शेवटी १३८ डॉलर देऊन मोटेलमध्ये गेलो.

ग्रँड कॅनियनचे तीन दिवस छान गेले, हेही सांगायला हवं. मेदर कँपग्राउंडमधली आमची जागा सपाट होती, झाडं पुरेशी लांब होती. भिंत बाहेर आली आणि पाडव्याला पाहिलेली गाडी परत मिळाली. सासूबाईंनी पिठलं केलं, सासऱ्यांनी भरपूर पाणी प्यायलं. तुमची गाडी मुक्कामाला उत्तम आहे. तुम्ही ती प्रवासाची म्हणून देता.

परतीच्या वाटेवर किंगमनच्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, वीजजोडणी होती, जागा प्रशस्त होती, आणि बटण दाबलं तर भिंत हललीच नाही. फ्यूज उडाला होता. बदलला, तर बदललेलाही उडाला. तुमच्या मदत क्रमांकावर पंचवीस मिनिटं थांबल्यावर सल्ला मिळाला की हाताने फिरवायचं हँडल गाडीत दिलेलं आहे, ते वापरा. हँडल कुठे आहे? "मागच्या पलंगाखालच्या कप्प्यात." म्हणजे भिंत अडकली की ज्या वस्तूने ती उघडायची, ती वस्तू तुम्ही अडकलेल्या भिंतीच्या पलीकडे ठेवली आहे. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावण्याचा हा प्रकार. फोनवरच्या मुलीला हे सांगितल्यावर तीही क्षणभर गप्प झाली. तिचा दोष नाही.

धाकटीला टॉर्च देऊन फटीतून पाठवली. तिने पलंगाची फळी एकटीने उचलून धरली, हँडल काढलं आणि परत येताना कोपर सोलून घेतलं. शेजारच्या गाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी गाडीखाली कुठे लावायचं ते दाखवलं. नवरा खडीवर आडवा पडून अर्धा तास ते फिरवत होता, सासरे उकिडवं बसता येत नाही म्हणून खुर्ची टाकून सूचना देत होते. त्याच गृहस्थांनी भिंत सरकवणाऱ्या मोटरकडे जाणारी वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला घासून सोललेली आम्हाला दाखवली. फ्यूज का उडत होता, याचं उत्तर तिथे आहे. फोटो सोबत जोडले आहेत, त्यांत वायरीवरची जुनी चिकटपट्टीही दिसते. ती आम्ही लावलेली नाही.

त्यांची स्वतःची गाडीही त्यांनी मला आतून दाखवली. तिलाही स्लाइड आहे. ती बंद करून ते आतून मागपर्यंत चालत गेले, बाथरूमचं दार उघडून दाखवलं, फ्रिज उघडून मला लिंबूपाणी दिलं. गाडी घेताना ते विक्रेत्याला आधी स्लाइड बंद करायला सांगतात, मगच आत चढतात. त्यामुळे "सर्वच स्लाइडआउट गाड्या अशाच असतात" हे तुमच्या ईमेलमधलं वाक्य मला मान्य नाही. तुमच्याच आवारात, फाटकाजवळ, बिनस्लाइडची छोटी गाडी उभी असते. मला बंद स्लाइडची गोष्ट कळली असती तर मी तीच मागितली असती, आणि ती स्वस्तही आहे.

सकाळी हँडलनेच भिंत आत घेतली. वाटेत परत अडकली तर काय, म्हणून २६ तारखेचा मुक्काम रद्द करून एका दमात घरी आलो. पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. आणि गाडी परत केल्यावर "स्लाइडचा अयोग्य वापर" या कारणाखाली तुम्ही अनामतीतले २५० डॉलर कापलेत.

ते २५० मला परत हवेत. बार्स्टोच्या आणि न झालेल्या शेवटच्या मुक्कामाचं भाडं ५७० डॉलर आणि मोटेलचे १३८, असे एकूण ९५८ डॉलर. पावत्या जोडल्या आहेत. पूर्ण सहा रात्रींचे पैसे मी मागत नाही, ग्रँड कॅनियनला गाडीने जे दिलं ते आम्ही घेतलं. वेबसाइटवर मात्र त्या गाडीचा स्लाइड बंद असतानाचा एक फोटो आणि उरणाऱ्या जागेचं माप टाका. फोटो काढायला वेळ नसेल तर माझा वापरा. टेपसकट आहे, नऊ इंच स्पष्ट वाचता येतात. पुढचं गिऱ्हाईक म्हाताऱ्या माणसांना घेऊन वाळवंटात जाण्याआधी ती वायरही बदला.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मी स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) अर्ज करणार आहे.

हँडल मी पलंगाखाली परत ठेवलेलं नाही. ते ड्रायव्हरच्या सीटखाली, फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे. कृपया तिथून हलवू नका.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : भाड्याची व मोटेलची पावती, आठ फोटो, ईमेलची प्रत