मे महिन्यातल्या रजेविषयी

लेक्सिंग्टन, केंटकी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मे महिन्यात मी येणार नाही. तिकीट रद्द केले आहे. फोनवर सांगितले असते तर आई गप्प झाली असती आणि मी लगेच दुसरे तिकीट काढले असते, म्हणून लिहिते आहे. ती रजा मी डल्सिमर शिकण्यासाठी ठेवली आहे. मांडीवर आडवे ठेवायचे लांबट वाद्य. डाव्या हातातली काडी तारेवरून सरकवायची आणि उजव्या हाताने पिसाच्या देठाने तारा छेडायच्या. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या तंबोऱ्यासारख्या घुमत राहतात.

बाबा, हसू नका. हे खूळ लोकगायिका जीन रिची यांच्यामुळे लागले. इथल्या डोंगरातल्या व्हायपर गावी १९२२ साली त्यांचा जन्म झाला; चौदा भावंडांत शेंडेफळ. वडिलांच्या डल्सिमरला मुलांनी हात लावायचा नाही असा घरचा दंडक होता, पण ही चिमुरडी ते चोरून वाजवायची, आणि पुढे वडील शिकवायला बसले तेव्हा हिला आधीच येत होते. हे वाचताना मला तुमची पेटी आठवली, ती दुपारही आठवली, आणि तुम्ही रागावला नव्हता तेसुद्धा.

समाजकार्याची पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कला नोकरीला गेल्या आणि तिथल्या मुलांना घरची गाणी शिकवू लागल्या. गावात कामे करता करता म्हटली जाणारी ती जुनी कथागीते ऐकायला शहरातली माणसे जमू लागली. १९५२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या ब्रिटन-आयर्लंडला त्या गाण्यांची मुळे शोधायला गेल्या. घर सोडलेल्या मुलीचे घरचे गाणे सुटत नाही, याचा पुरावा मला हवा होता, हा माझा स्वार्थ. उतारवयात त्या इथून तासाभरावरच्या बेरियात राहायला आल्या.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, तूरडाळ मिळते, मेतकुटाची बरणी अजून अर्धी आहे. गणपतीत नक्की येते, चांगली महिनाभर.

बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका आणि जिन्यातला दिवा बदलायला स्वतः स्टुलावर चढू नका. आई, जात्यावरच्या ओव्या आठवतील तशा मोबाईलवर म्हणून पाठव. मध्येच अडलीस तर अडू दे, पुसून टाकू नकोस.

आणि पेटीचा भाता तेवढा दुरुस्त करून ठेवा. या वेळी विचारून वाजवीन.

तुमची,
धाकटी