रविवारची बैठक: मार्गारेट रीड आणि घरकामाचा हिशेब

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता धरमपेठेत, नेहमीच्याच खोलीत बैठक आहे. नागपूरचं ऊन पाहता वेळ दोन तासांनी अलीकडे आणली आहे, कृपया लक्षात ठेवा.

विषय: अर्थशास्त्रज्ञ मार्गारेट रीड (१८९६–१९९१). कॅनडात जन्म, मॅनिटोबात गृहशास्त्राची पदवी, १९३१ मध्ये शिकागोतून पीएच.डी. मार्गदर्शक हेझेल किर्क. त्या पीएच.डी.च्या प्रबंधावर आधारलेलं पुस्तक १९३४ चं. पुढे आयोवात अध्यापन, मग अमेरिकेच्या कृषी खात्यात काम, आणि १९५१ पासून पुन्हा शिकागोत प्राध्यापक.

त्यांची कसोटी साधी आहे: जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते उत्पादक काम. म्हणजे स्वयंपाक करणं उत्पादक, स्वतः जेवणं नाही. आपल्या सरगुंड्या, मुगवड्या या कसोटीला पुरेपूर उतरतात! तरीही राष्ट्रीय उत्पन्नात हे श्रम धरत नाहीत, याची मला मनापासून चीड येते. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७.

येताना:
• कोणत्याही एका दिवसाच्या घरकामाची वेळेसकट नोंद आणा. पुरुष सभासदांनीही, सबब नको.
• प्रत्येक कामापुढे वरची कसोटी लावून खूण करा.
• येणार की नाही, ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. नोंदी मोठ्याने वाचायच्या आहेत, त्यामुळे संख्या आधी कळली तर वेळ वाटून देता येईल.

पाण्याची बाटली स्वतःची आणा.